रजिस्ट्रीनंतरची दलाली

३ फेब्रुवारी

घर विकायचं ठरलं. लिहून ठेवते, म्हणजे उद्या माझंच मन मला फिरवणार नाही. नोकरीत असताना रोज ड्यूटीचा रिपोर्ट लिहायची सवय लागली ती रिटायर झाल्यावरही सुटली नाही. बँकेने फुकट दिलेली डायरी नाहीतर अशीच पडून राहिली असती.

गुंजन यवतमाळहून फोनवर सारखी म्हणते, आई, राजूरच्या त्या घरात एकटी काय करतेस, आमच्या बिल्डिंगमध्ये खालचा फ्लॅट निघाला आहे, घेऊन टाक. पोरगी बरोबर बोलते. हे जाऊन आता बरेच दिवस झाले, कोळशाच्या धुळीने माझा खोकला हटत नाही, आणि ज्यांची बाळंतपणं केली ती सगळी पोरं नागपूर-पुण्याला निघून गेली. म्हणून विकायचं. दुसरं काही कारण नाही.

मागच्या खोलीतलं लोखंडी कपाट आज पश्चिमेच्या भिंतीला लावून घेतलं. दूधवाल्याला हात लावायला सांगितलं. तो म्हणाला, सिस्टर, इथं कपाट लावलं तं मागचं दार अर्धंच उघडते. म्हटलं, अर्धं पुरे, मी काय हत्ती आहे का. खोली आता छान दिसते.

८ फेब्रुवारी

फुलचंद दलाल येऊन गेला. वणी रोडवर चहाच्या टपरीसमोर खुर्ची टाकून बसतो, तेच त्याचं ऑफिस. त्याच्या दोन्ही पोरी माझ्या हातच्या, त्यामुळे सिस्टर-सिस्टर करत आला आणि दोन कप चहा प्याला.

त्याने इकडचा रिवाज सांगितला. घेणाऱ्याकडून एक टक्का, विकणाऱ्याकडून एक टक्का. अर्धी दलाली इसाराच्या दिवशी, अर्धी रजिस्ट्रीच्या दिवशी. मी म्हटलं, ते दुसऱ्यांना सांग. पलीकडच्या गल्लीतल्या कोकिळाबाईंचं काय झालं ते मला माहीत आहे. इसार झाला, दलालाने आपला वाटा खिशात घातला, आणि गिऱ्हाईक लांबलं तेव्हा हा माणूस फोनसुद्धा उचलेना. माझ्याकडची दलाली एकदमच मिळेल, रजिस्ट्री होऊन पैसे खात्यात पडल्यावर. तोवर एक रुपया नाही. म्हणजे शेवटपर्यंत माझ्या बाजूने पळशील.

फुलचंदचं तोंड उतरलं. म्हणाला, "सिस्टर, रजिस्ट्री झाली का लोकायले दलाल दिसत नाही. ऑफिसच्या पायऱ्या उतरता उतरता म्हणतात, तू केलंच काय."

घासाघीस झाली. शेवटी ठरलं ते असं: इसाराला काही नाही, सगळी दलाली रजिस्ट्रीनंतर, पण एकाच्या जागी दोन टक्के. आणि सौदा माझ्याकडून मोडला तर दलाली पूर्ण द्यायची, रजिस्ट्री होवो न होवो. मी कशाला मोडते! हो म्हटलं.

फार चांगला व्यवहार केला. हे असते तर म्हणाले असते, तू नर्स कशाला झालीस, वकील व्हायचं.

१३ फेब्रुवारी

उकाडा वाढला. खाट पुढच्या खोलीत आणली. बबिता कंपाउंडवरून म्हणते, उकाडा कुठं हो सिस्टर, तुम्ही तं शाल घेऊन बसल्या. बबिता म्हणजे माझी शेजारीण, आमच्या दोघींच्या मागच्या भिंती एकाच रेषेत. जीभ लांब, पण मनाने वाईट नाही. तिलाही घर विकायला काढायचं आहे, मुलाकडे चंद्रपूरला जायचं म्हणते.

दुपारी खाणीत सुरुंग लागला तेव्हा ती अंगणातच होती. मांडणीवरची ताटं वाजली. मी म्हटलं, तुझ्याकडे पण वाजतात का गं? ती म्हणाली, "माह्यं घर पक्कं आहे, सिस्टर. माह्याकडे काही वाजत नाही." आणि एकदम आत गेली.

माझीही ताटं ठीक रचलेली नव्हती. रचून ठेवली.

१९ फेब्रुवारी

गिऱ्हाईक आलं. अंकुर आणि निकिता. तो दारव्ह्याकडचा, इथल्या शाळेत मास्तर म्हणून नुकता बदलून आला. भाड्याच्या खोलीत राहतात. ती पोटुशी. कोणी सांगायची गरज पडली नाही, उंबरा ओलांडतानाची चाल पाहूनच कळलं. पाचवा असेल. पाय दाखव म्हटलं, सूज नाही. मीठ कमी खा म्हटलं. ती हसली आणि मला काकू म्हणायला लागली. सगळं गाव सिस्टर म्हणतं, काकू ऐकून बरं वाटलं.

पुढची खोली पाहिली, स्वयंपाकघर पाहिलं. मागच्या खोलीत गेल्यावर ती म्हणाली, "काकू, इथं किती गार लागून राह्यलं. पाळणा इथंच बांधू." आढ्याची कडी बोटाने दाखवली. ती कडी गुंजनच्या पाळण्याची.

फुलचंद लगेच म्हणाला, बांधा ना, घर तुमचंच आहे. मी पाणी आणायला गेले. रिकामेच पेले घेऊन परत आले. सकाळी खाल्लं नव्हतं.

२६ फेब्रुवारी

इसार झाला. स्टॅम्पपेपरवर सह्या झाल्या. रजिस्ट्री पाडव्यानंतर, वणीला. मी मोडलं तर इसार दुप्पट परत, त्यांनी मोडलं तर बुडाला. अंकुरच्या वडिलांनी वावराचा तुकडा विकून पैसा दिला असं तो सही करताना म्हणाला. हे मला सांगायची काय गरज होती?

फुलचंदने त्यांच्याकडून अर्धी दलाली तिथेच घेतली, बोटाला थुंकी लावून मोजली. माझ्याकडे पाहून म्हणाला, सिस्टरची राह्यली. सगळे हसले. मीही हसले.

संध्याकाळी कपाटामागे मुंग्या दिसल्या. कपाट थोडं ओढून भिंतीतल्या फटीवर दवाखान्यातली पांढरी चिकटपट्टी आडवी लावली, तीन ठिकाणी. मुंग्या येऊ नयेत म्हणून. परत ढकलून दिलं.

४ मार्च

हल्लीच्या चिकटपट्टीत दम नाही. खालची पट्टी मधूनच फाटली. सुटली नाही, फाटली. आमच्या वेळची पट्टी काढताना कातडं निघायचं.

नवी लावली.

७ मार्च

हीपण फाटली. वरचीही.

अंथरुणावर पडलं की फरशीखालून काहीतरी सरकल्यासारखं ऐकू येतं. उंदीर असेल. कान लावून पाहिला तर काही नाही. आता दुपारचा स्वयंपाक लवकर आटोपून मी अंगणातच बसते, लिंबाखाली. घड्याळाकडे लक्ष जातं. सुरुंग लागून गेला की मग आत जाते. चोरांची भीती आहे हल्ली, बाहेर लक्ष असलेलं बरं.

चोर दुपारी येत नाहीत हे मलाही कळतं.

१० मार्च

फुलचंद गवंडी घेऊन आला, न सांगता. म्हणाला, रजिस्ट्रीच्या आधी ते लोक पुन्हा येऊन पाहतात, मागच्या खोलीले एक हात चुना मारून देऊ, खर्च माहा. मी म्हटलं, नको. तो म्हणाला, फुकट आहे ना बाई. आणि दोघांनी मिळून कपाट ओढलं.

गवंडी भिंतीपाशी गेला. त्याने खिशातून खिळा काढून फटीत घातला. खिळा आत गेला. मग त्याने फरशीवर टाच आपटून पाहिली, इथे, तिथे, आणि कोपऱ्यात आपटल्यावर थांबला. आवाज पोकळ आला. मी आजवर टाच आपटून पाहिली नव्हती.

गवंड्याला बाहेर पाठवून फुलचंद स्टुलावर बसला. मला वाटलं ओरडेल. तो हळू बोलला.

"कधीपासून आहे?"

"दिवाळीपासून."

"वाढून राह्यली का?"

मी पट्ट्यांकडे पाहिलं. त्यानेही पाहिलं. मुंग्यांसाठी लावल्या असं सांगायचं राहून गेलं.

मग उठून गवंड्याला हाक मारली, फट भरून घेतली, वरून चुना मारून घेतला. भिंत नवीन झाली, कपाट परत जागेवर गेलं. जाताना म्हणाला, "आता हे तुमचं-माह्यं दोघायचं काम आहे, सिस्टर. रजिस्ट्री झाल्याबिगर मले काही भेटत नाही. तुम्हीच ठरवलं ना तसं."

मला भीती वाटते. या माणसाची भीती वाटते.

१५ मार्च

धुळवड काल झाली. फुलचंद रोज येतो. ओट्यावर खुर्ची टाकून बसतो आणि रस्त्याने जाणाऱ्यांना घराचे गुण सांगतो. रजिस्ट्रीपर्यंत मी कुणाशी काय बोलते यावर त्याची नजर आहे. भाजीवालीशी बोलले तरी मान वळवून पाहतो. मीच बांधलं त्याला या घराशी. कोकिळाबाईंचा दलाल इसारानंतर फिरकला नाही म्हणून मी त्याला नावं ठेवली. आता माझा हलत नाही.

खाट अंगणात टाकली. गल्लीतले लोक विचारतात, आतापासून? उकाडा, म्हणते.

१८ मार्च

निकिता एकटीच आली, हातात पिशवी. पाळण्याची दोरी आणली होती, कडीला पुरते का मोजून पाहायला. वेडी पोरगी. तिची आई बाळंतपणाला येणार, दोघी मागच्या खोलीतच झोपणार, कारण गार. बाळाला घेऊन दुपारी तिथेच पडायचं म्हणते.

दुपारी.

ती स्टुलावर चढू नये म्हणून मी दोरी धरून उभी होते, आणि सुरुंग लागला. रोजच्यासारखाच. पण मी आत होते, त्या खोलीत, पहिल्यांदाच इतक्या दिवसांत. पायाखाली फरशी हलकी झाल्यासारखी वाटली. नव्या चुन्याची एक खपली तिच्या केसांवर पडली. ती हसून झटकत म्हणाली, काकू, हे रोजचंच का?

मी तिला हाताला धरून बाहेर ओढलं. इतक्या जोरात की तिचं मनगट लाल झालं. अंगणात आणून बसवलं, पाणी दिलं. ती घाबरून माझ्याकडे पाहत होती. मी म्हटलं, मला चक्कर आली. मग तिनेच मला वारा घातला.

ती गेल्यावर मी आत गेले नाही. अजून गेले नाही. डायरी अंगणात बसूनच लिहिते आहे.

हात थांबत नाही म्हणून लिहिते: ती फट मुंग्यांची नाही. मला दिवाळीपासून माहीत आहे. मी त्या घरात झोपायला घाबरते आणि ते घर मी त्या पोरीला विकते आहे.

१९ मार्च

फुलचंदला सांगितलं, सौदा मोडते. तो खुर्चीतून उठला नाही.

"मोडा," म्हणाला. "पण लोक विचारतीन, काहून मोडला. मी काय सांगू? खरं सांगू? या रांगेतली सगळी घरं एकाच जमिनीवर उभी हायेत. बबिताबाईचं घर काढायचं आहे, पलीकडच्या दोघायचं आहे. उद्या एकाचंही जाणार नाही. मग तुम्हाले या गल्लीत कोण पाणी पाजते पाहू."

खरं आहे त्याचं. सौदा मोडला की इसार दुप्पट द्यायचा, मग यवतमाळचा फ्लॅट गेला. मग मला याच गल्लीत राहायचं आहे. याच लोकांत, याच घरात. काल फरशीची भीती होती, आज माणसांची.

मी विचारलं, गप्प बसायचं काय घेशील? तो दुखावल्यासारखा माझ्याकडे बघत राहिला. "मी काही जास्तीचं मागून नाही राह्यलो, सिस्टर. माही दलाली ठरली तेवढी द्या. तुमच्याकडून मोडला तं पूर्ण, असं तुम्हीच बोलल्या."

२२ मार्च

अंकुर-निकिताला घरी बोलावून सांगितलं, माझं मन बदललं, घर विकायचं नाही. इसार दुप्पट करून पुढ्यात ठेवला. अंकुरने पैशाला हात लावला नाही. म्हणाला, काकू, माह्या बापाचं वावर परत येते का आता? कोणी जास्ती भाव दिला का तुम्हाले? मी हो म्हटलं. तेच सोपं होतं.

निकिताने पैसे पिशवीत टाकले. जाताना पाळण्याची दोरी तिने आठवणीने उचलून नेली.

फुलचंदला दोन टक्के दिले. न विकलेल्या घराची दलाली. त्याने मोजली नाही, सरळ खिशात घातली. त्याची खुर्ची ओट्यावरून गेली. चला, निदान ती पोरगी सुटली. आज जेवण गेलं.

२ एप्रिल

पाडवा झाला. गुंजन चिडली आहे, फोन करत नाही. मी अंगणात झोपते, दुपारी लिंबाखाली बसते. आता सवय झाली.

बबिताकडे रंगारी आला आहे. मागच्या भिंतीला मोठं कॅलेंडर होतं तिच्याकडे, आणि त्याच्या बाजूला देवाचा फोटो, आणि त्याच्याही बाजूला दुसरा फोटो. मला कधी प्रश्न पडला नव्हता की एकाच भिंतीवर इतकं का टांगते.

९ एप्रिल

सकाळी कपडे वाळत घालत होते. कंपाउंडपलीकडून आवाज आला, "किती गार लागून राह्यलं इथं."

हातातलं लुगडं खाली पडलं.

पलीकडे ओट्यावर फुलचंदची खुर्ची होती. आत अंकुर, निकिता, बबिता आणि स्टॅम्पपेपर. मी फुलचंदला खुणेने कंपाउंडपाशी बोलावलं. तो आला, नजर खाली. मी म्हटलं, अरे तुला माहीत आहे. तो म्हणाला, तिथं फट कुठं हाये, मी पाह्यली नाही. मी म्हटलं, भिंतीवरचे फोटो उतरवून पाहिलंस का? तो म्हणाला, "माहं काम दाखवायचं. यावेळी दलाली दोन्हीकडून आधीच घेतली. रजिस्ट्री होवो का न होवो, मले काही नाही."

मी त्याच्या तोंडाला दलाली देऊन कुलूप लावलं असं समजत होते. कुलूप मला लागलं होतं.

पायात चप्पल न घालता गेले. बबिताच्या घरात सगळे माझ्याकडे पाहायला लागले. अंकुर म्हणाला, आता काय पाह्यजे तुम्हाले? मी निकिताचा हात धरला, या वेळी हळू. म्हटलं, माझ्या घरी चल, एक दाखवायचं आहे. नंतर काय करायचं ते कर.

ती आली. मागे अंकुर, मागे बबिता, गल्लीतल्या दोघीतिघी. मी कपाटाला खांदा लावला. आज एकटीला हलेना. निकिता हात लावायला पुढे झाली, तिला म्हटलं, तू नको, तू जड उचलायचं नाही. मग अंकुरने लावला.

चुना तडकून फट पुन्हा उघडली होती. गवंड्याने भरली त्याहून मोठी. कोपऱ्यातली फरशी एका बाजूने खचली होती. फाटलेल्या पट्ट्या तशाच खाली पडल्या होत्या. निकिताने भिंतीला तळवा लावला आणि लगेच काढून घेतला. मग वर कडीकडे पाहिलं.

"काकू, इसाराच्या दिवशी तुम्हाले हे माहीत होतं?"

"होतं."

"मी दोरी मोजायले आली तेव्हा?"

"तेव्हाही."

तिने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं ती मी लिहू शकत नाही. नवऱ्याला म्हणाली, चला. दोघं गेली. बबिताच्या दाराशी ठेवलेली चप्पल घेतली आणि मागे न पाहता गेली. फुलचंद त्यांच्यामागे धावला, इसाराचं काय, सह्या राह्यल्या ना, म्हणत.

मग गल्लीने मला जे बोलायचं ते बोलून घेतलं. बबिता सर्वांत जास्त. म्हणाली, माह्या भिंतीले काही झालेलं नाही, तुम्ही स्वतःचं नाक कापून माह्यं कापलं, आता या रांगेत कोण पाय ठेवीन, माह्या पोराले मी काय सांगू. सगळं बरोबर होतं. मी ऐकत उभी राहिले. कपाट परत ढकललं नाही.

१० एप्रिल

सकाळपासून कोणी बोललं नाही. दूधवाल्याने दूध दारात ठेवलं आणि गेला. गुंजनला फोन करून सगळं सांगितलं, पहिल्यांदाच. ती रडत म्हणाली, आई, तू दिवाळीपासून तिथे झोपत होतीस?

दुपारी सुरुंग लागला. मी लिंबाखाली होते. भीती वाटली. वाटली असं लिहायला आता त्रास होत नाही.

संध्याकाळी फाटक वाजलं. बबिता. डोळे सुजलेले. मला वाटलं, अजून काही बोलायचं राहिलं असेल, म्हणून उठून उभी राहिले. ती आत आली नाही. फाटकाची कडी धरून जमिनीकडे पाहत म्हणाली,

"सिस्टर, ती चिकटपट्टी थोडी देता का?"

मी आत जाऊन आख्खी गुंडाळी आणून दिली. थोड्या वेळाने कंपाउंडपलीकडे ती आपली खाट ओढत अंगणात घेऊन आली.